कंबर चाळीस, दंड दहा

३ ऑक्टोबर

पुन्हा तेच! "रोज चालायला जात जा, गोड कमी करा, मन रमवा." चौथी खेप, तोच डॉक्टर, तोच सल्ला. अहो, मी दिवसाचे आठ तास कापायच्या टेबलाभोवती उभी असते! नाटकाचे कपडे काही बसून बेतता येत नाहीत. पण ऐकतो कोण? काट्यावर उभं केलं, आकडा बघून 'च्च' केलं आणि कागदावर लिहिलं — ताणतणाव. झोपेची गोळी होतीच, आता मन शांत ठेवायची आणखी एक.

शेजारच्या खुर्चीत नवरा. गणिताचे सर. शाळेत सर, जिन्यात सर, भाजीवाल्यासाठी सर — आणि वीस वर्षांत मीसुद्धा मनातल्या मनात सरच म्हणायला लागले. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "डॉक्टर, तिचा स्वभाव पहिल्यापासून जरा तापटच." दुखणं माझं, तोंड यांचं!

निघताना डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी रोज मूडची नोंद ठेवा, एक ते दहा. सरांचा चेहरा असा काही उजळला म्हणता! मार्क द्यायला मिळणार!

५ ऑक्टोबर

फ्रिजवर तक्ता लागला. पट्टीने आखलेला. तारीख, गुण, शेरा. आजचे गुण : चार. शेरा : भांडी आपटली.

एक झाकण सुटलं हातातून. एक! हल्ली हातात जोरच राहत नाही. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

६ ऑक्टोबर

डोक्यावरचे केस मूठमूठ गळतायत आणि हनुवटीवर उगवतायत. सांगायचं कुणाला!

९ ऑक्टोबर

आज बोलून गेले.

दुपारी वन्सं जेवायला होत्या — सरांची थोरली बहीण, दर आठवड्याला येते. लेक होती. सगळं बरं चाललं होतं. मग सर अगदी सहज म्हणाले, "मी हिच्या वर्कशॉपमध्ये फोन केला. म्हटलं, हिला जरा हलकं काम द्या." मला न विचारता! वर वन्सं म्हणतात, "किती काळजी करतो गं तो तुझी."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. हात थरथरायला लागले, कानात ठोके. आणि मी म्हणाले, "मला वेगळं राहायचंय."

वन्संनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे तू नाही बोलत, तुझं आजारपण बोलतंय." सर हात धुऊन उठले, तक्त्याशी गेले. गुण : एक. शेरा लिहिला नाही, तेवढा मोठेपणा. मग पाठ थोपटून म्हणाले, "बरी झालीस की बोलू."

खरी चीड कशाची आलीय सांगू? मलाही नक्की कळत नाही की ते मी बोलले का. चमचा पडला तर मला रडू येतं. कुणी दार जोरात लावलं तर मारायला उठावंसं वाटतं. तीन-तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. अशा बाईच्या तोंडून एवढं मोठं वाक्य निघालं तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? तिने स्वतः तरी कसा ठेवायचा?

१० ऑक्टोबर

पाच गुण. काल काही बोललेच नाही असं सगळ्यांचं वागणं. माझंही.

२१ ऑक्टोबर

आज मी कात्री फेकली. लिहायलाच पाहिजे.

हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे सगळे एकमेकांची मापं घेतात आणि रजिस्टरात लिहितात. नट-नट्या फिटिंगला कधी वेळेवर येत नाहीत, मग आमच्यातलं कुणीतरी त्यांच्या जागी उभं राहतं, म्हणून ही पद्धत. त्याच मापावर प्रत्येकजण आपापला कामाचा कोटही शिवतो. मी माझा बेतला. रजिस्टरात कंबर तेहतीस. शिवून अंगात घातला तर पुढून वीतभर उघडा! आणि बाह्या गोणपाटासारख्या लोंबतायत.

आधी टेपला शिव्या दिल्या. जुनी टेप ताणली जाते. मग कापडाला. मग डोक्यात प्रकाश पडला. माप लिहिलं होतं टाचणीने — माझ्या हाताखालची कटर, सदा तोंडात टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव.

आमच्या धंद्यात कंबर खरी बोलत नाहीत. नायिकेसमोर दोन इंच कमी सांगायचं, आकड्यापुढे दोन टिंबं द्यायची. कापणाऱ्याला कळतं, दोन वाढवायचे. नायिका खूश, कपडाही बसतो. मीच शिकवलंय टाचणीला हे! आणि हिने दोन वर्षं बाकीची मापं जुन्या पानावरून उतरवली आणि माझीच कंबर गोड करून लिहिली. टिंबंसुद्धा न देता!

"ताई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." एवढंच बोलली ती. मी काय काय बोलले ते लिहवत नाही. मोठी कात्री टेबलावर भिरकावली. तिच्या हातापासून एवढ्याशा अंतरावर पडली. इस्त्रीवाले काका आले, कात्री उचलली, कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बावीस वर्षांत मी कुणावर कात्री उगारली नव्हती.

२२ ऑक्टोबर

टाचणीची माफी मागितली. पोर वाईट नाही, नाक पुसत म्हणाली, "ताई, मी पण चुकले." म्हटलं, मग आता नीट मोज. पडद्याआड, मोठ्याने, एक सूतही इकडेतिकडे न करता.

गळा साडेपंधरा. कंबर चाळीस. दंड दहा. मांडी वीस.

आठ वर्षांची पानं काढली. तीन वर्षांपूर्वी मीच मोजलेलं, ते खरं : गळा साडेतेरा, कंबर एकतीस, दंड साडेअकरा, मांडी बावीस.

दोघी बघत बसलो. कंबर नऊ इंच वाढली आणि हातपाय आटले! असं कुणी जाडं होत नाही. बाई जाड झाली की सगळीकडून होते — दंड आधी, बाही आधी उसवावी लागते. शेकड्यांनी बायका बसवल्यात मी कापडात. हे खाण्याचं नाही. हे दुसरंच काहीतरी आहे, आणि सगळे मला गोड कमी करायला सांगतायत!

२५ ऑक्टोबर

सरांना न सांगता गेले. डॉक्टरांपुढे रजिस्टराचं पान ठेवलं.

"हो, पोट वाढलंय," म्हणाले.

"मग दंड कुठे गेले?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा पान बघितलं. मग म्हणाले, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा. मला उठता आलं नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा धपकन खाली. पोटावर काही खुणा आहेत का? आहेत — जांभळे पट्टे, बोटाएवढे रुंद. दीड वर्षापासून. "मग आधी का नाही दाखवलेत?" म्हणे! अहो, तुम्ही काट्याच्या पुढे कधी गेलात का?

पण माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, "हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं." ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली.

३ नोव्हेंबर

चोवीस तासांची लघवी साठवायची. सगळी! पाच लिटरचा कॅन. तो थंड ठेवायचा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवला तर लेक किंचाळली, वर्कशॉपच्या फ्रिजमध्ये ठेवला तर टाचणीने त्यावर कापड शिवून घातलं — मखमलीचं, सोनेरी किनारीचं. राजाच्या झग्यातून उरलेलं. महिन्यात पहिल्यांदा हसले.

सर म्हणतात, हे नवं खूळ कशाला. गुण : सहा. हसले म्हणून.

२४ नोव्हेंबर

कॅन झाला, लाळ झाली, गोळी घेऊन सकाळचं रक्त झालं, डोक्याचा फोटो झाला. सापडलं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे. तिच्यात एक गाठ, तांदळाच्या दाण्याएवढी. ती सारखा हुकूम सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल ओतत राहतात. संकटात धावायला लागतं ते स्टेरॉइड. माणसाला ते सकाळी लागतं, संध्याकाळी ओसरतं. माझं ओसरतच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाघ मागे लागलाय असं तुमच्या शरीराला गेली दोन-तीन वर्षं वाटतंय. मेंदू त्यातच भिजतोय. झोप, रडू, विसरणं, चिडणं — सगळ्यात त्याचा हात आहे." कॅन्सर नाही. नाकातून शिरून काढायची.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, लिफ्टपर्यंत. मग सर लिफ्टमध्ये माझा हात धरून म्हणाले, "बघ! म्हणजे ती तू नव्हतीसच."

घरी वन्सं. "मी म्हटलंच होतं, आजारपण बोलतंय." सगळ्यांनी मला माफ करून टाकलं! सरसकट! कात्रीही माफ, झाकणही माफ, आणि नऊ ऑक्टोबरचं ते वाक्यही त्याच गाठोड्यात बांधून बाहेर. मी न मागता मिळालेल्या माफीने माणूस किती चिडू शकतो!

२६ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना एकटी भेटले. सरळ विचारलं — "माझा राग खोटा होता का?"

त्या म्हणाल्या, "खोटा कसा? रेडिओ कुणीतरी फुल्ल करून ठेवला होता. गाणं कुठलं लागलं होतं ते मला कसं सांगता येईल?" मग म्हणाल्या, घर, नोकरी, संसार — मोठा निर्णय आत्ता घेऊ नका. शरीर ताळ्यावर येऊ द्या. वर्ष लागेल. मग जे उरेल ते बघा.

वर्ष! पण बाई बरोबर बोलली. ठरवलं. ते वाक्य मी परत उच्चारणार नाही. वर्षभर त्याला हात लावायचा नाही. उरलं तर माझं, गेलं तर गाठीचं.

१७ जानेवारी

ऑपरेशन झालं. नाकात बोळे. तोंडाने श्वास. सर चार दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपतायत, मान आखडलीय, तक्रार नाही. माझे ओठ कापसाने ओले करतात. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं!

१९ जानेवारी

सकाळचं कॉर्टिसॉल जवळपास शून्य. मी मरगळून पडलेय आणि डॉक्टर मंडळी आनंदाने हात मिळवतायत. शून्य म्हणजे गाठ पूर्ण निघाली. आता माझ्या ग्रंथी झोपल्यात, त्या जाग्या होईपर्यंत तेच स्टेरॉइड गोळीने घ्यायचं, दिवसातून तीनदा. जे जास्त झालं म्हणून डोकं फोडलं, तेच आता विकतचं! हळूहळू कमी करायचं, मनाने बंद करायचं नाही, ताप आला तर दुप्पट. गळ्यात स्टेरॉइडवर असल्याचं कार्ड.

११ फेब्रुवारी

सांधे न् सांधा दुखतो. बरं होणं असं असतं हे कुणीच कसं सांगितलं नाही?

२० फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. उठावंसंही नाही. वाघ गेला आणि जाताना घरातलं सगळं घेऊन गेला.

२६ फेब्रुवारी

चार-पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. चिडचिड नाही, बोलणं नाही, काही मागणं नाही. उद्या सकाळी जागच आली नाही तर बरं, असं शांतपणे मनात येत होतं. शांतपणे! त्याचीच आता भीती वाटते.

आज दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आले. लेक शाळेतून आली होती आणि फ्रिजसमोर उभी होती.

"बाबा, नऊ? आईला नऊ दिलेत?"

"अगं, चार दिवसांत एकदाही चिडली नाही. किती सुधारणा आहे!"

"ती चार दिवसांत एकदाही बोलली नाही! तुम्हाला शांत हवीय की बरी?"

टर्रकन कागद फाटल्याचा आवाज. सोळा वर्षांची पोर. तिनेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी गोळी वाढवायला सांगितली, उद्या आणायला सांगितलं, रात्री कुणीतरी हिच्याजवळ झोपा म्हणाल्या.

सर दाराशी आले. डोळ्यांत पाणी. "मी काळजीनेच लिहीत होतो गं." खरं आहे ते. काळजीनेच. मी नुसती मान हलवली.

१४ मार्च

वाढवलेल्या गोळीने फरक पडला. मनाच्या डॉक्टरांशीही आठवड्याला एकदा बोलते. एकटी! आज बाहेर बसलेल्या सरांनी विचारलं, "मी आत येऊ का, तिला नीट सांगता येत नाही." डॉक्टर म्हणाले, "तेच शिकतोय आम्ही."

६ एप्रिल

अर्धा दिवस कामावर गेले. टेबलाशी टाचणी उभी. मला बघून गोरीमोरी.

व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "तुमची बदली बटणांकडे झालीय ना? सरांनी जानेवारीत कळवलं होतं. तुम्हीच ठरवलंत म्हणाले."

बटणं! बावीस वर्षं कापलं मी, आणि आता डब्यातली बटणं रंगवार लावत बसू? आणि मीच ठरवलं? कधी ठरवलं — बेशुद्धीत?

म्हटलं, मला माझं टेबल हवंय. तर बाई म्हणतात — "सरांशी बोललात का?" हात टेकले! यांच्याशी लग्न मी केलंय, वर्कशॉपने नाही!

घरी विचारलं. सर शांतपणे वह्या तपासत म्हणाले, "तू किती दमतेस ते तुला दिसत नाही, मला दिसतं." मग तेच : "बरी झालीस की बोलू."

चिडले. पण लक्षात आलं — हात थरथरले नाहीत. कानात ठोके नाहीत. चिडले, पाणी प्यायले, जेवले, झोपले. हा राग वेगळा होता. बारीक. तरी नऊ ऑक्टोबरचं पान उघडायचं नाही, वर्ष व्हायचंय.

९ एप्रिल

टेबल परत मिळालं. तीन दिवस व्यवस्थापकबाईंच्या दारात बसून होते. टाचणीनेच सांगितलं त्यांना, "ताई नसतील तर मीही बटणांकडे जाते."

१८ जुलै

गळा चौदा. कंबर पस्तीस. दंड अकरा. टाचणीने मोठ्याने वाचलं, टिंब नाही काही नाही. गोळी आता दिवसातून एकच.

वन्सं म्हणाल्या, "किती छान दिसतेस! स्वभावही निवळला." मी लोणी लावायची सुरी खाली ठेवली. नुसती खाली ठेवली.

३० सप्टेंबर

सरांनी लेकीच्या पुढच्या कॉलेजचा फॉर्म भरून टाकला. तिला न विचारता. विषयासकट. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी सरांना म्हटलं, फॉर्म परत आणा. "तू कशाला त्रास करून घेतेस, तुझी तब्येत —" "तब्येत ठीक आहे. फॉर्म आणा." आणला. तोंड फुगवून का होईना.

गंमत म्हणजे आवाज चढवला नाही. आता चढवावाच लागत नाही. पण दर वेळी परत आणायला सांगायचं? फोन परत घ्या, बदली परत घ्या, फॉर्म परत आणा — सगळा जन्म माणसाने आपल्याच गोष्टी परत मागत फिरायचं?

१६ नोव्हेंबर

वर्ष भरत आलं, गोळी बंद होऊन महिना झाला. आज सकाळचं रक्त. सगळे आकडे जागच्या जागी. माझ्या ग्रंथी जाग्या झाल्या, कमी नाही, जास्त नाही. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "आता जे वाटेल ते तुमचं."

सर खूप खूश. घरी आल्यावर मला जवळ घेऊन म्हणाले, "माझी जुनी बायको परत मिळाली एकदाची." त्यांना 'बरी झालीस की बोलू' आठवलं नाही. मी वाट पाहिली, पूर्ण संध्याकाळ. मनात म्हटलं, आता येईल तो राग. आला तर समजेन, अजून काहीतरी बिघडलंय, अजून थांबू.

१९ नोव्हेंबर

तीन दिवस झाले. राग आला नाही. काल लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या टेबलाची जागा खिडकीशी ठेव."

आज सकाळी चहा ओतताना सरांना म्हटलं, वर्कशॉपमागच्या गल्लीत दोन खोल्या बघितल्यात, एक तारखेपासून मी तिथे राहणार आहे.

"चिडलीयस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तेव्हा ते पहिल्यांदा घाबरले.